अर्थिंग

सकाळी नऊला शहापूरचा हॉल उघडला तेव्हा
खुर्च्यांच्या फटीत कालच्या लग्नाच्या अक्षता होत्या.
दस्तगीरनं केबलची वेटोळी खांद्यावरून उतरवली.
आठ स्पीकर. चार कोपऱ्यांत, चार भिंतींच्या मधोमध.
उद्या लोक आवाजासमोर नाही, आवाजात बसणार,
असं केतकीबाई म्हणाल्या.
मी केबल मोजली, एकशे चाळीस मीटर,
आणि पिवळी टेप अजून दोन रोल लागेल म्हणालो.

बावतीसच्या चेलोच्या पोटावर
रुपयाएवढा माइक चिकटवला,
डॉक्टर नळी ठेवण्याआधी हातात धरून गरम करतो, तसा करून.
तो एक सूर काढतो. लॅपटॉप धरून ठेवतो,
सात सेकंदांनी मागच्या भिंतीतून परत देतो,
जरा भिजलेला.
बावतीस दर वेळी मान वळवतो.
"माझाच की बे. पण मी असा कुठं वाजवला?"

अकराला सगळं एकदम चालू केलं
आणि गुणगुण आली.
कुठल्याच चॅनलची नाही, सगळ्यांची.
केतकीबाईंनी पेटीची पट्टी दाबून पाहिली:
पांढरी पाच, केसभर चढी.
मला पेटी लागली नाही.

आमच्या वडगावात चोवीस मागांच्या मोटारी
हाच सूर धरून रात्रभर गायच्या.
मी त्यात झोपायचो.
लाईट गेली की गल्लीतली सगळी पोरं जागी व्हायची,
भोकाड पसरायची,
आणि बाबा अंधारात हाताने चाचपत
अर्धवट राहिलेल्या काठाचा धागा शोधायचे.
माग नंतर किलोवर गेले.
सूर कुणी तोलला नाही.

पण हे दस्तगीरला काय सांगायचं.
तो केबल उलट्या करतोय, प्लग बदलतोय,
"अर्थ लागत नाही, भाऊ," म्हणतोय.
मग कळलं: अर्थ दोन आहेत.
स्टेजला हॉलच्या खड्ड्यातला,
मिक्सरला गल्लीतल्या जनरेटरच्या सळीचा.
दोन्ही खरे, दोन्ही ह्याच मातीतले,
फक्त मधल्या तारेत एकमेकांशी पटत नाही,
तेच ऐकू येतं.

काही जण अशा वेळी प्लगची मोठी पिन तोडतात.
आवाज जातो.
एखाद्या दिवशी माणूसही.
आम्ही सगळं एका बोर्डावर आणलं.
मग ईरण्णा आला, हॉलचा जुना वॉचमन,
मागच्या दारी वाकून खड्ड्याचं झाकण काढलं,
"नीरु हाकबेक्री," म्हणाला,
उन्हाळाभर कुणी घातलं नाही, माती सुकली.
त्यानं दोन बादल्या ओतल्या, मूठभर मीठ टाकलं,
झाडाला विचारावं तसं खड्ड्याला काहीतरी विचारलं,
कानडीत.

आणि शांत.
इतकं शांत की पंख्याचा एक पाता वाकडा आहे
हे बत्तीस जणांना कळलं.

"कोण बंद केलं रे?"
क्लॅरिनेट हातात घेऊन सटुप्पा हलगेकर उभे.
लष्कराच्या बँडात सव्वीस वर्षं, आता गुडघ्याला पट्टा.
"मी त्याच्यावर सूर लावायलालतो."
सगळे हसले. ते हसले नाहीत.
बसले, पुन्हा शून्यातून सूर शोधू लागले.

दुपारी साडेतीनपर्यंत तालीम.
ट्रॉम्बोनचा आवाज छतात दोनदा फिरून खाली आला,
एका फ्लूटवालीला सापडेना ती कुठे संपते
आणि मशीन कुठे सुरू होतं.
केतकीबाई पेन्सिल चावत होत्या:
शेवटच्या पानावर, सगळे थांबल्यावर,
खाली काहीतरी हवंय.
काय ते त्यांना सुचेना.

सव्वाअकराला, दोष शोधायचा म्हणून,
चाळीस सेकंद मी रेकॉर्ड केली होती ती गुणगुण.
फाइलचं नाव: कचरा एक.
मी काही बोललो नाही.
पुसलीही नाही.

रात्री टेपवर चॅनलची नावं लिहीत होतो.
सोळावा रिकामा राहिला.
हेडफोन लावून एकदाच ऐकली,
वीस सेकंदांत डोळे जड झाले,
चोवीस तासांनी, की तीस वर्षांनी, कोण जाणे.

ईरण्णा दारात किल्ल्या वाजवत होता.
"मुगीता?"
"झालं की," म्हणालो.
मागच्या दारी खड्डा अजून ओला होता,
त्याला चुकवून आम्ही बाहेर पडलो.